ऑल्टरवरची वस्तू कुठून येते आणि विधीनंतर कुठे जाते

ब्रिस्टलला शिकणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. दोन वर्षं ती एकटीच विक्का पाळते आहे, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्तपूर्व श्रद्धांवर बेतलेला, निसर्ग पुजणारा पेगन धर्म. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, मी स्वतःला पृथ्वीची पूजक म्हणवते, पण माझ्या ऑल्टरवरचं, म्हणजे पूजेच्या मांडणीवरचं, सगळं कुरियरनं येतं. धुरीसाठी जाळायचा पांढरा सेज, क्रिस्टल, रंगीत मेणबत्त्या, धूप. मला लाज वाटायला लागली आहे. हे सगळं टाकून देऊ का? मांसाहार सोडू का? बाग नाही, पैसे बेताचेच आहेत. खरी पेगन व्हायचं तर नक्की काय काय करावं लागेल?"

ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये राहते, एका लहानशा कोव्हनमध्ये, म्हणजे विक्का पाळणाऱ्यांच्या गटात, आहे आणि इथल्या प्राचीन स्थळांची साफसफाई करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर नियमित जाते. पुढे जे लिहिते आहे ते बहुतेक त्या दोन कामांतून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी, काहीही टाकू नकोस. तुझ्याकडे जो दगड आहे तो खाणीतून निघाला, जहाजानं आला, त्याचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं. तो कचऱ्यात गेला तर ते नुकसान भरून निघत नाही, उलट दोन महिन्यांनी त्याच्या जागी "पर्यावरणपूरक" असं लेबल लावलेली नवी वस्तू येते. आमच्याकडे नव्यानं येणाऱ्यांत हे मी नेहमी पाहते. आहे ते वापरून संपव. संपणारं नसेल तर जन्मभर वापर.

"खरी पेगन" हा भागही बाजूला ठेव. जेराल्ड गार्डनर यांनी 1954 मध्ये विक्का पुस्तकातून लोकांपुढे आणला तेव्हापासून आजवर या धर्माला ना एक ग्रंथ आहे ना एक पीठ. कोणी प्रमाणपत्र देत नाही आणि काढूनही घेत नाही. बहुतेक जण एक गोष्ट मानतात, ती म्हणजे कोणालाही इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर. तुझा प्रश्न खरा तिथेच आहे. या "कोणाला"मध्ये कोण कोण येतं? कॅलिफोर्नियातलं झुडूप येतं का? खंबातचा दगड घासणारा कारागीर येतो का? मी येतो असं धरते, आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवते.

तुझ्या मनात दोन हिशेब एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सुटे करू. एक हिशेब हवामानाचा. त्यात ऑल्टर जवळजवळ नाहीच. एक टीलाइट, ती छोट्या वाटीतली मेणबत्ती, म्हणजे साधारण 15 ग्रॅम पॅराफिन, ते जळताना 45 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. तू सुट्टीत घरी मुंबईला जाऊन येतेस त्या विमानप्रवासात तुझ्या एकटीच्या वाट्याला एक टनाहून जास्त येतो. म्हणजे वीस हजारांहून जास्त टीलाइट. इथल्या मध्यम वापराच्या घरात गॅसवर चालणारं हीटिंग वर्षाला दोन टनांच्या घरात जातं. तेव्हा या हिशेबात फरक पाडायचा असेल तर खिडकीच्या फटी बुजवणं, थर्मोस्टॅट खाली आणणं, आईवडिलांना भेटायला जाशील तेव्हा एकदाच पण जास्त दिवस राहणं, या गोष्टी कामाच्या. यातलं किती जमेल ते परिस्थितीवर आहे. भाडेकरू बॉयलर बदलू शकत नाही. आई आजारी असेल तर विमानात बसावंच लागतं, आणि त्याबद्दल कोणत्याही देवीपुढे मान खाली घालायचं कारण नाही.

दुसरा हिशेब वेगळा आहे. ऑल्टरवरच्या वस्तूंनी हवामानाचं फार बिघडत नसलं तरी एखाद्या ठरावीक झाडाचं, ठरावीक जागेचं, ठरावीक माणसांचं फार बिघडू शकतं. तिथे थोड्या वस्तूही पुष्कळ नुकसान करतात, कारण ते झाड मुळात थोड्याच जागी उगवतं. आपल्या माथी हा हिशेब सरळ येतो, कारण ती बाजारपेठ आपणच आहोत.

पांढरा सेज घे. साल्व्हिया एपियाना हे झुडूप दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग, एवढ्याच पट्ट्यात रानात वाढतं. चुमाश, काहुइया, कुमेयाय अशा तिथल्या मूळ रहिवाशांच्या विधींत आणि औषधांत ते पिढ्यानपिढ्या आहे. या लोकांच्या धर्मविधींना अमेरिकेत कायद्यानं संरक्षण मिळालं ते 1978 साली, हेही लक्षात ठेव. आता दुकानातल्या जुड्यांसाठी त्या झुडपांची चोरून तोड होते. 2018 मध्ये रँचो कुकामोंगाजवळच्या नॉर्थ एटिवांडा या राखीव टापूत चार जणांना पकडलं, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे 400 पौंड पांढरा सेज सापडला. जुडीच्या वेष्टनावर "रानातून वेचलेला" असं कौतुकानं लिहिलेलं असतं. मला ते वाचून धडकीच भरते. मी विकत घेत नाही. कोणी तो कुंडीत लावलेला असेल आणि त्यातली डहाळी दिली, तर आनंदानं घेते.

धुराची गरज असेल तर इथे रस्त्याकडेला, रेल्वेच्या कुंपणाला मगवर्ट मुबलक वाढतं. आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातलं हे झाड. पानाची खालची बाजू रुपेरी, चुरगाळलं की कडवट गोड वास. जुलैच्या शेवटी फुलावर येताना थोडं तोडायचं, सुती दोऱ्यानं सैल बांधून उलटं टांगायचं, तीन-चार आठवड्यांत वाळतं. घट्ट बांधलंस तर आतून बुरशी धरते. गरोदरपणात आणि परागकणांची ॲलर्जी असेल तर मगवर्ट नको, रोझमेरी वापर. इंग्लंडमध्ये घरच्या वापरासाठी रानटी पाला-फुलं-फळं तोडणं चोरीत मोडत नाही, पण कोणतंही रानझाड जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणं 1981 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे पाला घे, मूळ सोड. आणि एका जागचं सगळं घेऊ नकोस.

धुपाच्या राळेचंही तेच. आफ्रिकेतून येणाऱ्या फ्रँकिन्सेन्सची बरीच राळ बॉस्वेलिया पॅपिरिफेरा या झाडाची असते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं की या झाडाची नवी रोपं बऱ्याच ठिकाणी कित्येक दशकं वाढलेलीच नाहीत. गुरं चरतात, वणवे लागतात, जास्त चिरा मारल्यानं झाड खंगतं. असंच चाललं तर वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा त्यांचा अंदाज आहे. आणि आपला गुग्गुळ? राजस्थान-गुजरातेतलं ते खुरटं झाड आज "अतिसंकटग्रस्त" यादीत आहे. घरून येताना डबाभर गुग्गुळ आणणाऱ्या मैत्रिणी माझ्याही आहेत. मी त्यांना एवढंच म्हणते, तो समईसारखा रोज पेटवू नका. सणाला, चिमूटभर.

दगडांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय आपल्या घरापर्यंत येतो. ग्लास्टनबरीच्या हाय स्ट्रीटवरच्या दुकानांत अपोफिलाइटचे पारदर्शक सुळके आणि स्टिल्बाइटचे गुलाबी गुच्छ मांडलेले असतात. "देवदूतांशी बोलणारा दगड" वगैरे चिठ्ठी असते. तो दगड बहुधा जळगाव, नाशिक नाहीतर पुण्याकडचा असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून हे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरचे संग्राहक मागतात. या खाणी खडीसाठी आहेत. सुरुंग उडवल्यावर पोकळी उघडी पडते आणि क्रशरमध्ये जाण्याआधी कोणीतरी स्फटिक बाजूला काढतो. म्हणजे हा दगड घेतला नाही तर तो रस्त्यात जाईल. निव्वळ स्फटिकांसाठी डोंगर पोखरणाऱ्या खाणीपेक्षा मला हे कमी वाईट वाटतं.

पण पैलू पाडलेला, गुळगुळीत केलेला दगड म्हटला की मी थांबते. अकीक म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याचं मोठं काम गुजरातेत खंबातला होतं. दगड फिरत्या चाकावर धरून घासतात, घराघरांत, अंगणात. त्यातून सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की ती थेट फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. घासणाऱ्यांना होतो आणि त्याच घरात राहणाऱ्यांनाही होतो. हातात मऊ लागणारा तो मणी मऊ कोणाच्या श्वासावर झाला, हे ठाऊक असताना त्याच्याकडून "शांत ऊर्जा" मागणं मला जमत नाही. दुकानदाराला विचार, कुठे निघाला, कोणी घासला. सांगता आलं नाही तर घेऊ नकोस. जुना दगड चॅरिटी शॉपमध्ये किंवा मैत्रिणींच्या अदलाबदलीत मिळतो. आणि ॲव्हन नदीच्या काठचा एखादा साधा गोटा ऑल्टरवर उत्तर दिशेला, पृथ्वीच्या जागी, ठेवलास तर पृथ्वीचं तत्त्व त्यानं जराही कमी होत नाही.

एका वस्तूबद्दल मात्र परिस्थितीवर काही सोडत नाही. "हत्था जोडी" नावानं जोडलेल्या हातांसारखं दिसणारं "मूळ" ऑनलाइन विकतात, इथे ब्रिटनमध्येही विकलं गेलं आहे. दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून विकतात, पण तपासणीत ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय निघालं. घोरपडीला भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सर्वांत वरचं संरक्षण आहे. "भारतीय तंत्र" म्हणून इथल्या एखाद्या विचनं तुला कौतुकानं दाखवलं तर स्पष्ट सांग. आपण तिथले आहोत, आपल्याला सांगता येतं.

आता वस्तूच्या दुसऱ्या टोकाकडे, विधीनंतर तिचं काय होतं तिकडे.

एव्हबरीजवळ वेस्ट केनेट लाँग बॅरो आहे, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी दफनगुहा. सॅमहेन (ऑक्टोबरअखेरचा) किंवा यूल (डिसेंबरमधला) या सणांच्या दुसऱ्या दिवशी आत जा. दगडांच्या फटीफटीत टीलाइट कोंबलेले असतात, त्यांच्या वर काजळीची उभी जीभ उमटलेली असते. मेण सारसेन नावाच्या इथल्या दगडाच्या खरखरीत पृष्ठात मुरलेलं असतं. ते धातूनं खरवडायचं नाही, दगड ओरखडतो. लाकडी पट्टीनं हळूहळू सोडवायचं, आणि तरी डाग राहतोच. ज्योतीच्या उष्णतेनं दगडाचा वरचा पापुद्रा सुटतो आणि तो परत चिकटत नाही. शेजारी सुकलेली फुलं, रिबन, नाणी, क्वचित कुणाच्या अस्थींची राख. ठेवणारा प्रत्येक जण प्रेमानं ठेवून गेलेला असतो. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 74 हजार लोकांनी धर्म पेगन असा लिहिला, आणखी 13 हजारांनी विक्का. त्यातल्या थोड्यांनी वर्षातून एकेक टीलाइट मागे ठेवला तरी त्या गुहेचं काय होईल याचा विचार कर. आत दिवा हवाच असेल तर बॅटरीचा ने. जाताना घेऊन ये.

चिंध्या बांधण्याच्या झऱ्यांचीही तीच गत. स्कॉटलंडमध्ये ब्लॅक आइलवर मनलॉकीला आणि कॉर्नवॉलमध्ये मॅड्रनला असे झरे आहेत. आजाऱ्याच्या अंगावरचं फडकं झऱ्यात भिजवून झाडाला बांधायचं, ते जसजसं कुजेल तसतसं दुखणं जाईल, अशी मूळ श्रद्धा. लोकर आणि सूत होतं तोवर ते चालत होतं. आता फांद्यांना नायलॉनचे मोजे आणि पॉलिएस्टरच्या पट्ट्या लटकतात. त्या कुजत नाहीत. घट्ट गाठीनं वाढत्या फांदीला काच बसतो. ज्या श्रद्धेनं बांधायचं तिचाच त्यात भंग होतो. बांधायचंच असेल तर जुन्या सुती ओढणीची, न रंगवलेली, बोटभर पट्टी, सैल गाठ, आणि तीही जिथे ती प्रथा आहे तिथेच. नव्या झाडाला सुरुवात करू नकोस.

मीठ गवतावर ओतू नकोस, माती नापीक होते. वर्तुळ आखायचं तर तांदळाचं पीठ घे, आपल्या हाताला रांगोळीची सवय असतेच. काचेच्या बाटलीत भरलेले स्पेल, म्हणजे तोडगे, जंगलात पुरू नकोस. खोदताना मुळं तुटतात, पुढे काच फुटते आणि कोल्ह्याच्या, कुत्र्याच्या पायात जाते. काम झालं की बाटली उघड, पाला कुंडीत टाक, बाटली धुऊन परत वापर. ग्लिटर म्हणजे प्लास्टिकच. मेणबत्त्यांवर माझं फारसं म्हणणं नाही. पॅराफिन खनिज तेलातून येतं, पाममेणामागे तोडलेली जंगलं असू शकतात, इथल्या रेपसीडची किंवा जवळच्या मधपाळाकडची मेणबत्ती बरी. पण हिशेब वर दिलाच आहे, त्यावर झोप उडवू नकोस. कुंडीत लावण्यासाठी माती घेशील तेव्हा मात्र पाकिटावर पीट नसल्याचं बघून घे. ती दलदलीची माती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साचते.

मांसाहाराचं म्हणशील तर पेगन मंडळींत एकमत नाही, आणि असायची गरजही नाही. आमच्याच कोव्हनमध्ये एक जण मेंढपाळ आहे, दोघी व्हिगन आहेत. मांस, विशेषतः गोमांस कमी केल्यानं हवामानाच्या हिशेबात खरोखर फरक पडतो, म्हणून मी घरी क्वचितच आणते. पण ज्यांना तब्येतीनं झेपत नाही त्यांच्यावर ते लादणार नाही. तुला सोडायचं असेल तर अपराधभावनेनं एकदम नको. लॅमसपासून (ऑगस्टच्या सुरुवातीचा सण) यूलपर्यंत असा एक पट्टा धर, इथल्या ऋतूत जे पिकतं ते शिजवून बघ आणि मग ठरव.

बाग नसल्याचं दुःख करू नकोस. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे की एक जागा धर. खोलीपासून चालत जाता येईल अशी. पार्क, कब्रस्तान, कालव्याचा काठ, काहीही चालेल. तिथे आठवड्यातून एकदा जा आणि लिही. कोणत्या दिवशी हॉथॉर्न या काटेरी झाडाला पान फुटलं, कधी फूल आलं, पहिली पाकोळी कधी दिसली. बेल्टेन हा आपला सण 1 मेला येतो, आणि हॉथॉर्न फुलल्याशिवाय बेल्टेन नाही असं जुने लोक म्हणत. 1752 मध्ये इथली दिनदर्शिका अकरा दिवस पुढे ढकलली गेली, म्हणजे त्यांचा 1 मे आपल्या 12 मेच्या आसपास पडायचा, आणि तेव्हा फूल सहज असायचं. आता ऊन वाढल्यानं कित्येक वर्षी फूल पुन्हा एप्रिलअखेरीस दिसतं. हे वहीत दिसलं की हवामानबदल बातमीतला राहत नाही, तुझ्या सणाच्या तारखेत येऊन बसतो. नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी 1736 मध्ये अशाच नोंदी सुरू केल्या होत्या. आज वुडलँड ट्रस्टच्या नेचर्स कॅलेंडरवर कोणालाही नोंद पाठवता येते आणि संशोधक ती वापरतात. मी माझी नोंद पाठवते तो माझ्या सॅबॅटचा, म्हणजे सणाचा, भाग आहे, अगरबत्तीइतकाच. कोकणात देवराईच्या काठावर वाढलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथली वाळकी काटकीही घरी आणत नसत, आणि म्हणूनच ती झाडं अजून उभी आहेत.

जागा धरली की तिच्यावर संकट आलं तर कळतं. दक्षिण-पूर्व लंडनमधल्या ऑक्सलीज वुडमधून मोठा रस्ता जाणार होता. ते हजारो वर्षांचं जंगल आहे. तिथले रहिवासी उभे राहिले आणि त्यांच्यात 1990 मध्ये सुरू झालेल्या ड्रॅगन या गटाचे पेगन होते. त्यांनी झाडांमध्ये विधी केले आणि त्याबरोबर पत्रंही लिहिली, सभांनाही बसले. 1993 मध्ये सरकारनं रस्त्याचा बेत सोडला. विधीनं काम झालं की पत्रांनी, यावर आमच्यात आजही वाद होतात. मी दोन्ही करते. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर तुझ्या वॉर्डातले बांधकामाचे अर्ज लागतात, हरकतीला साधारण तीन आठवडे मिळतात. तुझी हॉथॉर्नची रांग त्यात आली तर तुझ्या वहीतल्या नोंदी हरकतीसोबत जोडता येतील.

बहुतेक मोठ्या शहरांत महिन्यातून एकदा पबमध्ये पेगन मूट, म्हणजे गप्पांच्या बैठका, भरतात, तिथे जायला सुरुवात कर. एकटीनं हे सगळं वाहणं जड जातं. खुल्या विधीचं आमंत्रण आलं तर आयोजकांना आधीच विचार, विधी संपल्यावर जागा आवरायला कोण थांबणार आहे. ठरलेलं नसेल तर तू थांबते म्हणून सांग. माझी आजची बहुतेक जवळची माणसं मला अशीच, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन भेटली.